वर्षाचा भाव

जूनच्या मध्यावर लातूरच्या ट्यूशन एरियात दोन तऱ्हेचे फलक शेजारीशेजारी लागतात. एकावर मुलामुलींचे फोटो, फोटोखाली गुण, गुणांखाली मिळणार असलेल्या कॉलेजचं नाव. दुसऱ्यावर चेहरा नसतो. रिपीटर बॅच, सुरू होण्याची तारीख, मोबाइल नंबर, बस्स. पहिल्या फलकापुढे लोक सेल्फी काढतात. दुसऱ्यावरचा नंबर मात्र जाता जाता, फारसं न थांबता, मोबाइलमध्ये उतरवून घेतात.

2025 साली नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेचा, निकाल 14 जूनला लागला. संपादकांनी अंकासाठी ‘थांबणं’ असा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हीच गल्ली आली. डॉक्टर व्हायचं म्हणून बारावीनंतर एक वर्ष, कधी दोन, कधी तीन वर्षं थांबणारी पोरं महाराष्ट्रात जागोजागी आहेत. पण त्यांचं गाव म्हणावं असं गाव लातूरच.

निकालानंतर दोन दिवसांनी एका क्लासच्या ऑफिसात कोपऱ्यातल्या खुर्चीवर मी बसून होते. अहमदपूरकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आलेले. हातात प्लास्टिकची फाइल, फाइलीत दहावीपासूनचे सगळे कागद. समुपदेशनाला बसलेल्या सरांनी विचारलं, “किती आले?”

“चारशे अडतीस,” मुलगीच बोलली.

“काय करावं म्हणता, सर? रिपीट करू द्यावं का?” वडिलांनी लगेच विचारलं.

सरांनी या प्रश्नाला हात घातला नाही. मुलीकडे बघून म्हणाले, “फिजिक्सला किती? चुकलेले किती आणि सोडलेले किती?” मुलगी गप्प झाली. तिनं एकूण बेरीज शंभरदा केली होती, फोड केली नव्हती. “घरी जा, तुझी ओएमआरची प्रत आणि आन्सर की समोर ठेवून मोज. चार दिवसांनी ये.” वडिलांना हे पटलेलं दिसलं नाही. ते निर्णय घेऊन जायला आले होते, गृहपाठ घेऊन नव्हे.

कोणत्या सालचे गुण?

नीटचा पेपर 720 गुणांचा. फिजिक्स 45 प्रश्न, केमिस्ट्री 45, बायोलॉजी 90. बरोबर उत्तराला चार, चुकीला वजा एक. म्हणजे चुकलेला प्रत्येक प्रश्न बरोबर उत्तराच्या हिशेबानं पाच गुणांना पडतो. तीस प्रश्न चुकवणाऱ्या मुलाचे दीडशे गुण जागच्या जागी गेलेले असतात. ही फोड केली नाही तर रिपीट करायचं की नाही, हा प्रश्न नुसता भावनेचा उरतो.

भावनेलाही आधार लागतो, आणि तो आधार बहुतेक घरांत चुकीचा असतो: गेल्या वर्षीचा कटऑफ. 2024 साली 650 च्या वर तीस हजारांहून जास्त मुलं होती. पहिल्या निकालात 67 जणांना पैकीच्या पैकी 720 पडले होते. वादविवाद, ग्रेस गुण, पेपरफुटीचा तपास असं सगळं होऊन सुधारित निकालात ते 17 उरले. त्या तपासाच्या बातम्यांत लातूरचंही नाव आलं होतं, हे इथली माणसं खालच्या आवाजात सांगतात. 2025 साली पेपर इतका अवघड निघाला, विशेषतः फिजिक्सचा, की देशात पहिल्या आलेल्या मुलाला 686 गुण, आणि 650 च्या वरची मुलं शंभरसुद्धा भरली नाहीत. राज्यात खुल्या गटातून सरकारी कॉलेज मिळायला 2024 मध्ये 640 च्या आसपास लागत होते. 2025 मध्ये ती रेघ पाचशेच्या आसपास उतरली.

आता 2024 ला 560 गुण मिळवून रिपीट केलेल्या मुलाचा विचार करा. वर्षभर राबून 2025 ला त्याला 530 पडले. घरी सांगितलं तर गुण घसरले म्हणून रडारड. प्रत्यक्षात तो सरकारी कॉलेजात पोचला. असा एक मुलगा मला भेटला. “आज्जीला अजून कळलेलं नाही,” तो हसत म्हणाला. “ती म्हणती, वर्ष घालवून तीस मार्क कमी आणले, तरी ह्याला डॉक्टर कसं काय करायलेत?”

शिवाय परीक्षेचे नियमही रिपीटरसाठी थांबत नाहीत. कोविडनंतर सुरू झालेली सवलत, म्हणजे काही प्रश्न सोडायची मुभा आणि वीस मिनिटं जादा, 2025 मध्ये काढून घेतली. 180 मिनिटांत 180 प्रश्न. सवलतीच्या वेळापत्रकावर हात बसलेली मुलं जानेवारीत नव्यानं घड्याळ लावून बसली.

आणखी एक गैरसमज ‘पात्र’ या शिक्क्याचा. 2025 मध्ये बावीस लाखांवर मुलं परीक्षेला बसली, बारा लाखांवर पात्र ठरली. खुल्या गटासाठी 144 गुणांवर पात्रता होती. एमबीबीएसच्या जागा देशभरात सव्वा लाखाच्या आसपास, त्यातल्या सरकारी साधारण निम्म्या. गावाकडे पेढे वाटले जातात पात्रतेवर, आणि ऑगस्टमध्ये यादी बघताना घर सुन्न होतं.

एक पाय क्लासात, एक पाय कॅपमध्ये

निर्णय निकालानंतर होतो असं बाहेरून वाटतं. खरं तर तो परीक्षेच्या रविवारीच सुरू होतो. 2025 मध्ये तो 4 मेचा रविवार होता. संध्याकाळपर्यंत क्लासेसच्या आन्सर की मोबाइलवर आलेल्या असतात, रात्री पोरं गुण जुळवून झोपतात किंवा झोपत नाहीत. पुढच्याच आठवड्यात रिपीटरसाठी स्कॉलरशिप टेस्टच्या जाहिराती. आधीचे गुण जितके जास्त तितकी फीत सवलत. थोडक्यात हुकलेला मुलगा क्लासला हवाच असतो; पुढच्या वर्षीच्या फलकावर त्याचा फोटो लागायची शक्यता सगळ्यात जास्त.

बॅचेस जून-जुलैत सुरू होतात. केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, म्हणजे कॅप राउंडची, पहिली यादी लागायला 2025 मध्ये ऑगस्ट उजाडला. एमबीबीएसच्या फेऱ्या मग पुढेही चालू राहतात, आयुर्वेद-होमिओपॅथीच्या त्याच्याही पुढे. म्हणजे आपल्याला यंदा काय मिळणार हे कळायच्या आधीच पुढच्या वर्षाची फी भरायची वेळ येते. जुलैत भरली नाही तर चांगली बॅच भरून जाते, भरली आणि तिसऱ्या फेरीत जागा मिळाली तर पैसे गेले. या जुगाराबद्दल कोणी तक्रार करताना मला दिसलं नाही. सगळे तो धरूनच चाललेत.

अशा काळात एकाच रूमवर दोन जगं नांदतात. खाडगाव रोडच्या एका रूमवर तिघं मुलं होती. एकाचं नाव दुसऱ्या फेरीत लागलं, तो बॅग भरून गेला. दुसरा ‘बेटरमेंट’च्या, म्हणजे पुढच्या फेरीत वरचं कॉलेज मिळण्याच्या, आशेवर, प्रवेश याद्या लावणाऱ्या सीईटी सेलची साइट रोज उघडून बघणारा. तिसऱ्यानं साइट उघडायचंच सोडलं होतं. “बघितलं की दोन दिवस अभ्यास होत नाही,” तो म्हणाला.

कागदांचंही वेगळंच प्रकरण. वर्ष थांबलं की गॅपचं प्रतिज्ञापत्र लागतं. तहसीलच्या आवारातल्या टंकलेखकाकडे मजकूर तयारच असतो, नाव आणि साल घालायचं. नॉन-क्रिमीलेयरची मुदत संपली का, ईडब्ल्यूएसचा दाखला नव्या आर्थिक वर्षाचा आहे का, हे पुन्हा तपासा. उलट, जात वैधता प्रमाणपत्र अडकलं म्हणून नाइलाजानं थांबलेली मुलंही मला भेटली. गुण होते, प्रवेश दारात होता, समितीचा कागद नव्हता. त्यांना ‘रिपीट करावं की नाही’ हा प्रश्न पडलाच नाही.

पन्नास क्विंटल

निलंग्याकडच्या एका शेतकऱ्यानं मला वर्षाचा हिशेब मांडून दाखवला. क्लासची फी, रूमभाडं, मेस, अभ्यासिका, टेस्ट सिरीज, पुस्तकं, महिन्यातून एकदा येणं-जाणं मिळून दोन लाखांच्या घरात. “आता सोयाबीन चार हजारानं जातंय,” ते म्हणाले. 2025-26 साठी सरकारी हमीभाव क्विंटलला 5,328 जाहीर झालेला, पण बाजारात तो मिळत नाही हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. “म्हणजे पन्नास क्विंटल. पाऊस झाला तर एकरी सात-आठ निघतात. सात एकराचं सगळं पीक लेकराच्या एका वर्षाला. आणि खत-बियाणं, फवारणी धरलीच नाही मी.”

मी विचारलं, खासगी कॉलेजचा विचार केला होता का? ते नुसते हसले. सरकारी कॉलेजची फी वर्षाला दीड लाखाच्या आसपास. खासगीत शुल्क नियामक प्राधिकरणानं ठरवून दिलेली फी बहुतेक ठिकाणी आठ ते पंधरा लाख. दहा लाख धरले तरी साडेचार वर्षांचे पंचेचाळीस लाख, आणि इन्स्टिट्यूशनल कोट्यातून गेलात तर त्याच्या काही पट. दोन लाखांचं एक वर्ष या हिशेबात फारच स्वस्त दिसतं. दोन वर्षं रिपीट केलं तरी स्वस्त. ज्याच्याकडे पैसे आहेत तो पैसे मोजून आत जातो, ज्याच्याकडे नाहीत तो वर्षं मोजतो. ट्यूशन एरियातली गर्दी बघताना जिद्द, चिकाटी, स्वप्न असे शब्द कानावर पडत राहतात. मला मात्र तिथे सगळ्यात जास्त दिसलं ते हे गणित.

हे फक्त लातूरचं नाही. तमिळनाडूत न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं 2021 मध्ये नीटच्या परिणामांचा अहवाल दिला. त्यात राज्यातल्या एमबीबीएस प्रवेशांत रिपीटर मुलांचं प्रमाण 2016-17 मध्ये साधारण 12 टक्के होतं, ते 2020-21 मध्ये 71 टक्क्यांवर गेलेलं दिसलं. पहिल्या प्रयत्नात प्रवेश ही तिथे अपवादाची गोष्ट झाली. आपल्याकडे कुठल्याही सरकारी कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात जाऊन “रिपीटर कोण?” असं विचारून बघा. हात मोजण्यापेक्षा न उठलेले हात मोजणं सोपं जाईल.

परीक्षेकडूनही कोणी अडवत नाही. आयआयटीच्या जेईई ॲडव्हान्स्डला दोनच संधी, त्याही लागोपाठच्या वर्षांत. नीटला किती वेळा बसायचं याला मर्यादा नाही, आणि 2022 पासून वयाची वरची अटही गेली. बारावीला बसलेल्यांच्या रांगेत दरवर्षी मागच्यांची रांग येऊन मिळते. एमबीबीएस, इंटर्नशिप, नंतर पीजी अशी दहा वर्षांची वाट, तीत एक वर्ष काय मोठं, असं प्रत्येक समुपदेशक सांगतो. खोटंही नाही. पण हे वाक्य ज्या घरात दुसरा कमावता हात आहे त्या घरातच खरं ठरतं.

मराठवाड्याला या हिशेबाची जुनी सवय. 2020 पर्यंत राज्यात 70:30 चं सूत्र होतं. सत्तर टक्के जागा त्या त्या विभागातल्या मुलांना. मराठवाड्यात कॉलेजं कमी, शिकणारी पोरं जास्त, म्हणून इथल्या मुलाला पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा जास्त गुण आणूनही बाहेर राहावं लागे. सप्टेंबर 2020 मध्ये ते सूत्र रद्द झालं, आणि ते रद्द करणारे वैद्यकीय शिक्षणमंत्री अमित देशमुख लातूरचेच. 2024 मध्ये राज्यात दहा नवी सरकारी कॉलेजं आली, त्यात जालना आणि हिंगोली. रूमवरच्या पोरांना जागांचे हे आकडे तोंडपाठ असतात.

भाऊ आणि बहीण

मुलीच्या वर्षाचा भाव आजवर वेगळा लावला जायचा. “पोराचं वर्ष गेलं तर वर्षच जातं, पोरीचं गेलं तर पाहुणे यायला लागतात,” असं औशाच्या एका काकूंनी सांगितलं. त्यांच्या मुलीनं दोन वर्षांपूर्वी रिपीट मागितलं तेव्हा घरात महिनाभर बोलणं बंद होतं.

त्यात एक बदल झालाय, आणि तो मला अनपेक्षित होता. जुलै 2024 च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. कॅपमधून मिळालेल्या खासगी कॉलेजच्या जागेलाही ते लागू आहे. खासगी अभिमत विद्यापीठांना नाही. होस्टेल-मेसचा खर्च उरतोच. तरीही एकाच घरातली जुळी भावंडं, गुण जवळपास सारखे, असं एक उदाहरण सरांनी मला सांगितलं. बहिणीनं खासगी कॉलेजात एमबीबीएस घेतलं, भाऊ रिपीटर बॅचमध्ये बसला. घरात पहिल्यांदाच पोरीचं आधी झालं. “आता आईबाप पोरीला थांबवत नाहीत,” सर म्हणाले. “पोराला थांबवतात.”

मधलं वर्ष

रिपीटरचा दिवस बाहेरून फार साधा असतो. सकाळी सहाला पहिलं लेक्चर, दुपारी मेस, तीन ते दहा अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची. आठवड्याला टेस्ट, संध्याकाळी रँक ग्रुपवर. बोर्डाची कटकट नाही, प्रॅक्टिकल नाहीत, कॉलेजची हजेरी नाही. म्हणूनच पहिले दोन महिने गुण झपाट्यानं वाढतात. एनसीईआरटीची बायोलॉजी ओळ न् ओळ वाचली की 360 पैकी तीनशेच्या वर जाता येतं. इनऑरगॅनिक केमिस्ट्री पाठांतरानं वाढते. अडतं ते फिजिक्सवर. अकरावीत ज्याचा गणिताशी संबंध तुटला त्याला दुसऱ्या वर्षी तेच सर तेच प्रकरण शिकवून फार काही देऊ शकत नाहीत. म्हणून ते जूनमधले सर सुरुवातीलाच फिजिक्स विचारत होते. बायोलॉजीत गुण गेलेल्या मुलाला ते ‘थांब’ म्हणतात. फिजिक्सला शंभरावर प्रश्नांचा सराव करूनही पन्नासच्या पुढे न जाणाऱ्याला ते हळूच आयुर्वेदाच्या कटऑफबद्दल विचारायला लावतात. अर्थात, त्यांचा पगार रिपीटर बॅचवरच चालतो, हेही त्यांनी स्वतःच सांगितलं.

डिसेंबरच्या आसपास सिलॅबस संपतो आणि टेस्टमधली वाढ थांबते. जानेवारी-फेब्रुवारी हा सगळ्यांत वाईट काळ, असं झाडून सगळे म्हणाले. मागच्या वर्षीच्या वर्गमित्रांचे ॲप्रनमधले फोटो तोवर आलेले असतात. याच गुणांपायी जून 2025 मध्ये सांगली जिल्ह्यात सराव परीक्षेच्या मार्कांवरून वडिलांनी केलेल्या मारहाणीत एका मुलीचा जीव गेला. मेसवाल्या मावशींना ती बातमी तारखेसह आठवत होती. कोण जेवायला आलं नाही याची नोंद त्या ठेवतात, आणि दोन वेळा ताट उचललं गेलं नाही तर रूममालकाला फोन करतात. केंद्र सरकारची 14416 ही टेलिमानस हेल्पलाइन आहे. तिचा कागद एका अभ्यासिकेच्या दारावर चिकटवलेला दिसला, पण वाचलेला कुणी भेटला नाही. मावशींचा फोन मात्र सगळ्यांना माहीत होता.

हातात काय

थांबायचं, पण रिकाम्या हातानं नाही, असा एक मधला मार्ग पोरांनी काढलेला असतो. गावच्या कॉलेजात बीएस्सीला नाव, मुक्काम लातूरला. कोणी बीएएमएस घेतो आणि पहिल्या वर्षाची शरीररचना शिकता शिकता पुन्हा नीटला बसतो. मग एमबीबीएस लागलं तर आधीची जागा सोडताना मूळ कागद परत मिळवायचे, मुदत उलटली असेल तर दंड भरायचा. दोन्हीकडे धावणाऱ्यांचं कुठेच धड होत नाही असं शिक्षक म्हणतात. मला हे पूर्ण पटलं नाही. ज्याच्या घरी तिसऱ्या वर्षाचे पैसे नाहीत त्यानं हातात काही धरून थांबणं यात मला शहाणपण दिसतं.

जॉर्जिया-किरगिझस्तानची पत्रकंही याच गल्लीत वाटली जातात. ‘वर्ष वाया घालवू नका’ असं त्यांवर ठळक लिहिलेलं. परतल्यावर एफएमजीई ही परीक्षा पास व्हावी लागते आणि ती बहुतेकांना एका फटक्यात सुटत नाही, हे लिहिलेलं नसतं. तिकडे वाचवलेलं वर्ष इकडे येऊन भरावं लागतं.

सप्टेंबर

सप्टेंबर 2025 च्या शेवटी मराठवाड्यात पाऊस कोसळला. मांजरा, तेरणा दुथडी भरून वाहिल्या, काढणीला आलेलं सोयाबीन उभ्या शेतात सडलं. ज्या लातूरला 2016 साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, तिथे शेतात कमरेएवढं पाणी.

ट्यूशन एरियात त्याचा परिणाम दिसायला आठवडा लागला. दुसरा हप्ता दसऱ्याला देतो म्हणालेले पालक फोन उचलेनात. काही क्लासेसनी मुदत वाढवली. काही मेसवाल्यांनी उधारीची वही काढली. एका रूमवरून दोन मुलं गावाकडे मदतीला गेली, त्यातला एकच परत आला.

परत आलेला तोच, सीईटी सेलची साइट उघडायचं सोडलेला. गुण 415, रिपीटचं हे दुसरं वर्ष. घरचं साडेचार एकर सोयाबीन गेलेलं, धाकटी बहीण दहावीला. वडिलांनी फोनवर सांगितलं, आयुर्वेदाच्या फेऱ्या अजून चालू आहेत म्हणतात, तिकडे फॉर्म भर. त्यानं उलट विचारलं, “आण्णा, मग एमबीबीएसचं?” पलीकडून उत्तर आलं, “ते तुझं तू बघ, पण पुढल्या सालचे पैसे धरू नको.”

नेट कॅफेत बसून त्यानं पसंतीक्रम भरला. जवळची सरकारी कॉलेजं आधी, मग लांबची सरकारी, खासगी शेवटी. कोणतं मिळेल ते त्याला माहीत नव्हतं, मिळालं तर जायचं एवढं मात्र ठरलं होतं. रविवारच्या टेस्टला बसणार का, असं मी विचारलं. “बसणार की,” तो म्हणाला. “टेस्ट सिरीजचे पैसे जूनमध्येच भरलेत.”